उठा म्हणणारी सून

...आणि म्हणे मुलगी शांत पाहिजे. तुमाला सांगते, मला बघायला आले होते तेव्हा या लोकांनी हा एकच मुद्दा लावून धरला होता. शिक्षण विचारलं नाही, स्वयंपाक विचारला नाही, उंचीसुद्धा बसल्या बसल्या अंदाजानंच धरली. मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पप्पांना एवढंच विचारलं, "मुलगी आवाज करीत न्हाई ना? घरात आजारी माणूस हाय." पप्पा म्हणले, "पाव्हणे, आमची रेणुका घरात आहे का नाही ते आमाला हाक मारून बघावं लागतं." झालं, तेवढ्यावर सुपारी फुटली. आणि आज? आज माझा आवाज एका बाजूला गल्लीच्या टोकाला आणि दुसऱ्या बाजूला पिठाच्या गिरणीपर्यंत जातो, आणि गिरणी चालू असताना जातो, बरं का. आणि जाऊन काय सांगतो तो आवाज लोकांना? "उठा. हात धरणार नाही मी. रडून काही होणार नाही, उठा." कुणाला? सासूला. हातावरची मेंदी पुसली नव्हती तेव्हापासून. ओरडायला लावणारे सगळे राहिले भले, मायाळू, गल्लीत ज्यांची उदाहरणं देतात असे. आणि पाप कुणाला? मलाच.

थांबा, नीट सांगते, नाहीतर तुमीपण दगडामावशीसारखं अर्धंच ऐकताल. दगडामावशी म्हणजे आमच्या शेजारच्या दगडाबाई, त्यांची न आमची भिंत एक, आणि ती भिंत बांधणाऱ्यानं सिमेंट कुठं वापरलं ते त्यालाच माहीत, कारण आमच्याकडं फोडणी पडली की तिकडं मावशीला शिंक येती.

तर माझ्या सासूबाई. सत्यशीला नाव, मी आई म्हणते त्यांना. इथंच गंगाखेडला अंगणवाडीत होत्या, सगळा जन्म. एका आवाजात अंगणवाडीभर लेकरं खाली बसवायच्या असं म्हणतात, मी काही बघितलं नाही, मी आले तेव्हा त्याच खाली बसलेल्या होत्या. आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. लग्नाआधी सांगितलं होतं यांनी, लपवलं नव्हतं, उगीच खोटं कशाला बोलू. आधी एका डोळ्यानं अंधुक दिसायला लागलं, मग पायाला मुंग्या, मग पाय जडच झाले... शुगर म्हणले, मणका म्हणले, कुणी व्हिटॅमिन म्हणलं, कुणी तेल दिलं चोळायला, आणि शेवटी मोठ्या दवाखान्यात डोक्याचा एमआरआय केला तेव्हा नाव कळलं. म्हणजे होतं काय, मेंदूपासून पायापर्यंत नसा जातात ना, त्यांच्यावर वायरीवर असतं तसं आवरण असतं, आणि आपल्याच अंगातली, रोगाशी लढायला ठेवलेली फौज ते आवरण कुरतडून खाती. मग मेंदू हुकूम सोडतो, पाय उचल. हुकूम निघतो वेळेवर. पण पालमहून निघालेली एसटी, ती पोचंल तेव्हा खरी, तसं त्याचं होतं. औषध चालू आहे, महागाचं आहे, ते आजाराला पुढं सरकू देत नाही. पण पायाला चालायला काही औषध शिकवत नाही.

आणि यात अजून एक झालं. चालताना आईंचा तोल जायचा, एक पाय घासायचा. तर एका सकाळी अंगणवाडीला जाताना पानटपरीवरून कुणीतरी म्हणलं, "बाई आज सकाळीच लावून निघाल्या." रोज पंचशील म्हणणारी बाई, दारूच्या वासानं लग्नाच्या वरातीतून बाजूला होणारी बाई. त्या दिवशी परत आल्या आणि त्यानंतर एकट्या उंबऱ्याबाहेर गेल्या नाहीत. नोकरी सुटली, विहार सुटलं, बाजार सुटला, समोरच्या दगडामावशीचं दार सुटलं. समोरचं म्हणजे, शेजारचं. चार पावलं.

मग घरातल्यांनी काय करावं? माया केली. मामा कारखान्यातून रिटायर झालेले, हातात वेळच वेळ. त्यांनी कुठल्यातरी बंद पडलेल्या ऑफिसातली चाकाची खुर्ची आणली, गोल फिरणारी, साहेब लोकांची. त्या खुर्चीवर आईंना बसवायचं आणि ढकलत न्यायचं, खाटेपासून मोरीपर्यंत, मोरीपासून टीव्हीपर्यंत. आईंनी नुसतं बूड हलवलं की मामा धावले, "उठू नको सत्यशीला, मी हाय ना." आणि आमचे हे, धम्मपाल, पालमच्या शाळेवर मास्तर, पोरांना उभं करून पाढे म्हणायला लावणारा माणूस, घरी आले की आईचं ताट हातात, पाण्याचा तांब्या हातात, टीव्हीचं बटण हातात. बाईला हात वर करायचं काम ठेवलं नाही. सगळ्यांनी मिळून इतकी माया केली, इतकी माया केली की त्यांना पार बसवूनच टाकलं.

मी नवी. मी बघायले. शांत मुलगी ना.

लग्नानंतर काही दिवसांनी आमी सगळे रेल्वेनं परभणीला गेलो, तिथं एक फिजिओथेरपिस्ट आहेत, सृष्टी मॅडम, माझ्यापेक्षा फार तर चार वर्षांनी मोठ्या असतील. त्या म्हणल्या, "काकू, खुर्चीतून उठून दाखवा." आईंनी हातानं जोर लावला नाही तोवर मामा दोन्ही हात पसरून पुढं. मॅडम म्हणल्या, "काका, तुम्ही जरा बाहेर बसता का?" मामा दाराबाहेर बसले आणि दाराच्या फटीतून बघायले. आई उठल्या. तीन वेळा परत बसून, ओठ चावून, पण उठल्या. मग मॅडमनी सगळं तपासलं, आणि आम्हाला काय सांगितलं ते मला पाठ आहे. म्हणल्या, "आजारानं जे गेलंय ते सगळं परत आणीन असं मी सांगणार नाही. पण यातलं निम्मं आजारानं नाही गेलेलं, बसून गेलंय. बसून गेलेलं परत येतं. मात्र असंच बसवून ठेवलं, तर पुढच्या वर्षी त्यांना आपणहून उभं राहता येणार नाही, तेव्हा माझ्याकडं येऊ नका." एवढ्या गोड आवाजात म्हणल्या की कळायला वेळ लागला. मग विचारलं, "घरी रोज कोण करून घेणार?"

तुमाला सांगते, त्या वेळी मामांनी माझ्या नवऱ्याकडं बघितलं. माझ्या नवऱ्यानं भिंतीवरच्या हाडाच्या सापळ्याच्या चित्राकडं बघितलं. मामा म्हणले, "माझ्यानं तिला उठ म्हणवत न्हाई." हे म्हणले, "मी आईवर कसं ओरडू? जन्म दिलाय तिनं." आणि मग दोघांनी एकदम माझ्याकडं बघितलं. बरोबरच आहे की. मला काही त्यांनी जन्म दिलेला नव्हता. तेव्हा मला कळलं, प्रत्येक घरात वाईट व्हायला एक माणूस लागतं, आणि ते बाहेरून आणलेलं बरं पडतं.

झालं सुरू. पहाटे, ऊन वर यायच्या आत, कारण या आजाराला गरमी चालत नाही, अंग तापलं की नसांतला हुकूम अजूनच रेंगाळतो. कूलर लावायचा, आईंच्या गळ्याभोवती ओला नॅपकीन टाकायचा, आणि चाकाची नाही, साधी लाकडी खुर्ची घ्यायची. ती चाकाची मी पहिल्याच दिवशी गच्चीवर नेऊन ठेवली, मामा जिन्यात उभे राहून असे बघायले जशी काही मी घरातली म्हैस विकली. मग हात न टेकवता खुर्चीतून उठायचं. स्वयंपाकाचा ओटा धरून टाचा वर. टॉवेल तळपायाला अडकवून पोटऱ्या ताणायच्या. भिंतीच्या कडेनं एका पायापुढं दुसरा पाय, पण भिंतीला हात नाही. मध्ये मध्ये बसायचं, दम खायचा, दमवून पाडायचं नाही असं मॅडमनी बजावलं होतं. कागदावर हे सगळं किती सोपं दिसतं. पण समोर अंगणवाडीची बाई आहे, हे विसरू नका. काम चुकवायच्या जेवढ्या युक्त्या जगातली लेकरं करतात तेवढ्या सगळ्या त्यांनी जन्मभर बघून ठेवलेल्या. उठा म्हणलं की तहान लागायची. पाणी दिलं की शू लागायची. ते झालं की, "रेणुका, तुझ्या हातच्या वरणाला काय चव हाय गं, कशाची फोडणी देतीस?" मी पण येडी, पहिल्या आठवड्यात फोडणी सांगत बसले. शेवटचं हत्यार रडणं. रडायच्या म्हणजे खरंच रडायच्या, "मला मारून टाक त्यापेक्षा" म्हणायच्या. आणि मी, जिनं आयुष्यात बसमध्ये कंडक्टरला सुटे मागितले नाहीत, ती म्हणायची, "मारून टाकते नंतर, आधी उठा."

आणि हे सगळं भिंतीपलीकडं.

नळाला पाणी आलं की गल्लीतल्या सगळ्या बाया घागरी घेऊन बाहेर येतात. दगडामावशी माझ्याकडं न बघता मला ऐकवायच्या, "आमच्या सासूनं आमाला छळलं, ते आमी बघितलं. हे उलटं आता बघायलोय." मी म्हणले, "मावशी, व्यायाम घेतेय मी त्यांच्याकडून. डॉक्टरांनीच सांगितलंय." मावशी म्हणल्या, "आजारी माणसाला व्यायाम? ताप आलेल्याला पळवतेत का बाई?" आणि आईंनी तरी माझी बाजू घ्यावी की नाही? मावशी मुद्दाम घरात आल्या, विचारलं, "कसं हाय सत्यशीला?" तर आईंनी खाटेवर बसून अशी मान हलवली, अशी, आणि इतका बारीक आवाज काढला, "चाललंय बाई... आपलं नशीब." नशीब! सकाळीच माझ्याशी भांडताना हा आवाज गिरणीच्या वर गेला होता.

पण खरं सांगू का, मला राग नाही यायचा. मला वाईट वाटायचं. माझ्या मम्मीच्या वयाची बाई, तिला मी दरडावायचं. म्हणून मग सकाळी ओरडायचं आणि संध्याकाळी पाय चेपायचे. सकाळी म्हणायचं कारणं सांगू नका, आणि दुपारी भाकरीवर त्यांच्या तूप जास्त वाढायचं, इतकं की मामा एकदा म्हणले, "सूनबाई, तिच्याकडं तूप तरंगायलंय, माझ्याकडं वास बी न्हाई." ते तूप नव्हतं हो. मी केलेल्याची ती... काय म्हणावं, नुकसानभरपाई. पण पाप तुपानं फिटतं का? ते मलाच.

आता खरं सांगायचं ते पुढं आहे. मे महिना. तुमाला परभणीकडचा मे माहितीय, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटून घरात येतं. आदल्या दिवशी ह्यांच्या मित्राचं पालमला लग्न, आमी दोघं गेलो होतो, यायला उशीर झाला, आणि सकाळी मी झोपले. झोपले म्हणजे सूर्य डोक्यावर येईपर्यंत झोपले. कुणी उठवलं नाही, माया ना. उठले तर मनाला लागलं की आजचा दिवस बुडला, मॅडम म्हणल्या होत्या बुडवू नका. आणि लाईट गेलेली, कूलर बंद. मी म्हणलं, थोडंसंच घेऊ. आई म्हणल्या, "रेणुका, आज नको गं. ऊन चढलंय. डोळ्यापुढं अंधारी यायलीय."

रोज तहान, रोज शू, रोज वरणाची फोडणी. आणि आज अंधारी. मला काय वाटावं? मी म्हणले, "कारणं नकोत. उठा."

उठल्या त्या. मुकाट्यानं उठल्या. ओट्यापर्यंत आल्या, ओटा धरला, आणि गुडघे असे दुमडले... पडल्या नाहीत, घसरत गेल्या, ओट्याला पाठ लावून, हळूहळू, आणि मी धरायला गेले तर मीपण त्यांच्याबरोबर खाली. डोळे उघडे होते पण माझ्याकडं बघत नव्हते. "दिसंना झालंय," म्हणल्या. तुमाला काय सांगू, तेवढ्या वेळात मी त्यांना मारून मोकळी झाले होते मनात, तेरवी... नाही, आमच्यात तेरवी नसते, पुण्यानुमोदन, त्याला मी कुठं बसणार आणि लोक माझ्याकडं कसे बघणार इथपर्यंत जाऊन आले. माठातलं सगळं पाणी त्यांच्या डोक्यावर, अंगावर, चादर भिजवून गुंडाळली, पुठ्ठ्यानं वारा घालत बसले. हळूहळू डोळे वळले माझ्याकडं. म्हणल्या, "पाणी वाया घालवलंस गं, आज टँकर न्हाई." तेव्हा मी रडले.

तेवढ्यात मामा भाजी घेऊन आले. दारात पिशवी टाकली, "काय झालं?" मी तोंड उघडलं. सांगणार होते, खरंच. पण आई माझ्या आधी म्हणल्या, "काय न्हाई. मीच पाणी प्यायला उठले न बसले खाली. ही होती म्हणून वाचले."

ही होती म्हणून वाचले.

एक वेळ त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या, गल्ली गोळा केली असती, नशीब म्हणत मान हलवली असती, तर मी सहन केलं असतं, सवय होती मला. पण त्यांनी मला पाठीशी घातलं. मामा माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेले. त्या हाताचं ओझं अजून आहे बघा इथं.

सृष्टी मॅडमना फोन केला. त्या म्हणल्या, "उन्हानं असं होतं, अंग गार झालं की उतरतं, नवीन काही बिघडलेलं नसतं. पण उन्हात परत घेऊ नका, आणि घाबरून बंद करू नका." यातलं उन्हात घेऊ नका एवढं मी दोन्ही कानांनी ऐकलं. बंद करू नका ऐकायला कान शिल्लकच नव्हता.

आणि मी गोड झाले. इतकी गोड की मलाच माझी शिसारी यावी. पहाटे उठायची, कूलर लावायची, आणि त्यांना म्हणायची, "झोपा आई, घाई नाही." गच्चीवरची खुर्ची खाली आली. मामांनी ती अशी पुसली जशी काही नवी गाडी. हे म्हणले, "बरं झालं, मलापण ऐकवत नव्हतं." दगडामावशीनं धपाटे करून आणले, म्हणल्या, "आता कशी सून वाटायलीस." सगळं घर खूश, गल्ली खूश. उन्हाळा आहे तोवर राहू द्या, मी मनाला सांगायची. मग उन्हाळा सरायला आला तरी मी मनाला सांगतच होते.

फक्त आई बोलायच्या बंद झाल्या. म्हणजे तहान नाही, शू नाही, फोडणी नाही. चुकवायला काम असतं तर युक्ती काढणार ना. मी खुर्ची ढकलायची आणि त्या भिंतीकडं बघत जायच्या. पाय पण... आधी उठताना माझ्या खांद्यावर नुसता हात असायचा, आता सगळं वजन यायला लागलं. मला कळत होतं. तुमाला वाटतं मला कळत नव्हतं? पण आता ओरडलं तरी पाप आणि नाही ओरडलं तरी पाप, आणि ते घ्यायला घरात दुसरं कुणी रिकामं नव्हतंच.

एका दुपारी त्या खाटेवरून उठायला गेल्या. जोर लावला, नाही जमलं. परत लावला. मी ओट्यापाशी होते, गॅस तसाच सोडून धावले, दोन्ही हात पसरून, आणि माझ्या तोंडातून काय निघावं? "थांबा आई, मी आहे ना."

त्यांनी माझा हात झटकला. "सोड."

"आई, पडताल."

"पडू दे. तू बी तसलीच निघालीस."

मी म्हणले, "आई, त्या दिवशी माझ्यामुळं—"

"तुझ्यामुळंच पडले. न्हाई म्हणायले का मी? रोज खोटं सांगायचे तर एक दिवस खरं सांगितलं ते तुला खोटं वाटलं. थोडी चूक तुझी, लय माझी. झालं ते झालं. पण म्हणून तू बी माझ्यावर माया करायलीस व्हय? माया करणारे दोघं होते की घरात. त्यांच्या मायेनंच तर मी या खुर्चीत आले. अजून एक कशाला पाहिजे होतं?"

मी खाली बघायले.

"इकडं बघ. तू ओरडायचीस तर मला राग यायचा. असं वाटायचं तुझ्या झिंज्या उपटाव्या. पण मनात यायचं, या घरात हिला एकटीला वाटतंय की मी उठंल. अगं, अंगणवाडीत आमी कोणत्या लेकराला ओरडायचो? ज्याला येतंय त्याला. ज्याला येणारच न्हाई त्याच्या गालाला हात लावायचा, शाना हाय म्हणायचं, आन् पुढच्या लेकराकडं जायचं." मग म्हणल्या, "तू माझ्या गालाला हात लावायलीस, रेणुका."

मी म्हणले, "उठा."

"काय?"

"उठा."

"ऐकू न्हाई आलं."

"उठा, आई."

"आजारी मी हाय का तू? दगडाबाईला ऐकू गेलं पाहिजे."

मग मी ओरडले. गॅसवरचं दूध उतू गेलं, पलीकडं मावशीच्या हातातलं काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला, मामा अंगणातून पळत आले. आणि आई उठल्या. लगेच नाही, उगीच खोटं कशाला सांगू, लय वेळ लागला, दोनदा बसल्या, पण हात न टेकवता उठल्या, आणि उभ्या राहून मला म्हणल्या, "दूध उतू घालवलंस."

तिथून परत सुरू. आमचं दोघींचं ठरलंय, त्यांनी "खरंच" हा शब्द काढला की मी थांबायचं, लगेच, विचारायचं नाही. त्या एका शब्दावर त्या खोटं बोलत नाहीत. बाकी सगळ्यावर बोलतात. आणि आता तर त्यांना यात मजा यायला लागलीय. पूर्णेहून मम्मीचा फोन आला, आमच्या गल्लीतली कुणीतरी तिकडं माहेरी गेलेली, "रेणुका, हे काय ऐकायले मी? सासूला छळतीस म्हणे? आमी असं शिकवलं होतं का तुला?" मी म्हणलं, ही वेळ आहे, खरं काय ते कळू द्या, आणि फोन दिला आईंच्या हातात. आईंनी फोन घेतला, माझ्याकडं बघितलं, आणि परत तो बारीक आवाज. "विहीणबाई, लेकराला काय बोलू नका हो. लहान हाय. मी घेते सहन करून." आणि फोन ठेवून मला म्हणल्या, "कुठं होतो आपण? टाचा ना?"

परवा पाऊस उघडला होता, हवा गार. संध्याकाळी आईंनी काठी घेतली, पदर नीट केला, पायात चप्पल सरकवली. ती सरकवायलाच केवढा वेळ. मी म्हणले, "कुठं?"

"जरा जाऊन येते."

"कुणाबरोबर?"

"कुणाबरोबर म्हणजे? मला काय वाट माहीत न्हाई का गल्लीची?"

मामा खाटेवरून उठलेच, एक हात शर्टात, एक बाहेर, "थांब, थांब, मी येतो ना." आणि तुमाला सांगते, माझं मलाच कळलं नाही, मी म्हणले, "मामा, बसा." त्याच आवाजात. गिरणीच्या. मामा बसले. शर्टाचा एक हात लोंबत राहिला. सासूवर ओरडणं कमी होतं काय, सासऱ्यावरपण झालं. म्हणजे पाप आता घरातल्या प्रत्येकाच्या नावचं आहे माझ्याकडं, नवऱ्याचं तेवढं शिल्लक आहे.

आई उंबऱ्यापाशी गेल्या. काठी आधी बाहेर, मग चांगला पाय, मग... तो दुसरा पाय उंबऱ्याला घासला. मी दाराची कडी इतकी आवळून धरली की बांगडी पिचली. गेला पाय बाहेर. गल्लीत समोरच्या ओट्यावर दोघं-तिघं बसलेले, त्यांचं बोलणं थांबलं. आई झोकांडी खायल्या, काठी टेकली, परत सरळ. एकजण बघतच होता. आई थांबल्या आणि त्याला म्हणल्या, "काय बघतो बाबू? नसांचा आजार हाय, पायाला येतो. तोंडाला न्हाई येत, काय विचारायचं ते विचार." त्यानं खाली बघितलं. अंगणवाडीतलाच असंल त्यांच्या, कुणास ठाऊक.

आणि गेल्या. चार पावलं म्हणलं ना मी, त्यांना जास्त लागली. दगडामावशीच्या दारात शिरल्या. मला तिकडं मावशीचं "अगं बया" ऐकू आलं, मग पाट सरकवल्याचा आवाज, मग भांडं, मग आईंचा दम खाण्याचा आवाज. आणि मग आईंचा आवाज, बारीक नाही, अंगणवाडीचा, खणखणीत: "बस इथं. तुला सगळं पहिल्यापासून सांगते आमच्या सुनेचं."

तासभर. तासभर सांगितलं हो. मी केलेलं सगळं, आणि मी न केलेलं पण बरंच. माठभर पाणी डोक्यावर ओतलं ते सांगितलं, कशासाठी ओतलं ते गाळलं. चाकाची खुर्ची हिसकून घेतली, म्हातारा जिन्यात रडला. पहाटे अंधारात उठवती, पाणी पिऊ देत न्हाई. मावशी नुसत्या "बाई बाई बाई" करायल्या. इकडं मामा भिंतीपाशी डोळे पुसत बसलेले, मला म्हणले, "काय म्हणायली गं?" मी म्हणले, "माझं गाऱ्हाणं सांगायल्यात." मामा म्हणले, "सांगू दे, सांगू दे. दोन वर्षांनी बाहेर बसलीय ती."

आता रोज जातात. मावशीकडं झालं, गिरणीवालीकडं झालं, काल तर नाक्याजवळच्या शिंपिणीपर्यंत जाऊन आल्या, आणि जिथं जातात तिथं माझा विषय. आधी लोकांना माझी बदनामी ऐकायला भिंतीला कान लावावा लागायचा, आता ती काठी टेकत टेकत घरपोच जाती. पुढच्या पौर्णिमेला विहारापर्यंत जायचं म्हणतात. तिथं तर सगळं गंगाखेड असतं. आणि माझी बदनामी तिथवर नीट पोचावी म्हणून रोज पहाटे उठून घसा कोण फोडायलंय? मीच.